दहावं करडू

आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत सुगीच्या सणाला दान दोन वेळा वाहतात. आधी दशांश. तेव्हा पेटी, तबला सगळं बंद. ज्यानं त्यानं आपला दहावा हिस्सा घेऊन मुकाट्यानं पुढं जायचं, मेजावर ठेवायचं आणि मुकाट्यानं जागेवर येऊन बसायचं. मग स्वखुशीचं दान. तेव्हा ढोलकी वाजते, गाणं सुरू होतं, टाळ्या पडतात, आणि कुणी भोपळा डोक्यावर घेऊन नाचत गेलं तरी पाळकसाहेब हसून घेतात. हे असं का, कुणी ठरवलं, ते आज कुणाला सांगता येणार नाही. माण तालुक्यातल्या आमच्या पाचपंचवीस घरांच्या मंडळीत ते असंच चालत आलंय.

माझी आई जन्मभर त्या पहिल्या, मुक्या रांगेतली. पदर पुढं ओढून, मान खाली घालून जायची आणि तशीच यायची. लहानपणी मला त्याचा राग यायचा. गावची पाटलीण दोन कणसं घेऊन ढोलकीच्या तालावर जायची आणि माझी आई पायलीभर बाजरी घेऊन चोरासारखी! एकदा मी विचारलंच.

"आये, तू अशी खाली मान घालून का गं जातीस?"

"शेजारणीकडनं उसनं पीठ आणलं, तर ते परत द्यायला वाजत-गाजत जातीस व्हय तू?" आई म्हणाली. "दहावा हिस्सा देवाचाच हाय. त्याचं त्याला द्यायचं. त्यात मान वर करण्यासारखं काय केलं मी?"

दुसऱ्या दानाच्या वेळी ती जागेवरच बसून असायची. मांडीवर हात आणि ओठातल्या ओठात गाणं. वडील मुंबईला गोदीत होते. त्यांचे पैसे आले की आधी दहावा हिस्सा निघायचा, उरलेल्यात आम्हा चौघांची पोटं भरायची. त्यातून आणखी स्वखुशीचं काय निघणार? शिल्लक उरते कुणाकडं, स्वखुशी सुचते कुणाला! पण ढोलकी सुरू झाली की आईचा पाय मात्र जाजमावर ताल धरायचा. ते मी बघायची आणि मला वाईट वाटायचं. एकदा तरी हिनं त्या वाजत्या रांगेत उभं राहावं, असं मला फार वाटायचं.

पुढं माझं लग्न सांगलीत झालं आणि दशांशाचं भांडण माझ्या स्वतःच्या घरात आलं. मी ब्लाउज शिवते. आईची शिकवण अंगात इतकी भिनलेली, की दहा ब्लाउज झाले की दहाव्याची शिलाई मी चर्चसाठी बाजूला ठेवते. मग तो लग्नसराईतला भारीतला का असेना. आमचे हे एका पतसंस्थेत रोखपाल होते, आता निवृत्त झाले. ते सांगलीच्या मंडळीत पंच आहेत, आणि शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त.

"दशांश हा जुन्या करारातला नियम," ते म्हणायचे. "आपण आता नियमाखाली नाही, कृपेखाली आहोत. मनानं जे ठरवावं ते आनंदानं द्यावं."

"कृपेखाली आल्यावर माणसाचा हात सैल व्हायला पाहिजे," मी म्हणायची. "तुमचा तर आखडला. दहावा हिस्सा होता तो पन्नासावा कसा काय झाला?"

"हातात येणाऱ्या पगाराचा की सगळं कापायच्या आधीच्या पगाराचा, हे तरी ठरलंय का तुझ्या दशांशात?"

"देवाकडनं आशीर्वाद कुठला पाहिजे? कापलेला की अख्खा?"

यावर ते चष्मा पुसत बसायचे. तीस वर्षं हे भांडण आमच्यात चाललंय आणि अजून शिळं झालेलं नाही.

आईचं वय झालं तरी ती गावीच राहते, तिच्या शेळ्यांसकट. वडील गेल्यावर आम्ही खूप सांगून बघितलं, पण शेळ्या सांगलीला येत नाहीत म्हणून तीही येत नाही. त्या सगळ्या शेळ्यांत एक तांबडी. बाकीच्या बाजारातनं आणलेल्या. तांबडी मात्र घरची. आईच्या लग्नात आजोबांनी एक शेळी दिली होती, तिच्या लेकी-नातींतली ही शेवटची. त्या वंशाचे सगळे कान आखूड, दुमडलेल्या पानासारखे. त्या शेळीच्या दुधावर आम्ही भावंडं वाढलो. माहेरची म्हणून आईकडं आता तेवढी एकच गोष्ट उरली होती.

शेळ्यांचा दशांश आई शास्त्रात सांगितलाय तसाच काढते. सुगीच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी शेळ्या अंगणात आणायच्या, करडं आत कोंडायची. मग खोपटाचं दार थोडंसं उघडायचं. आया बाहेर ओरडत असतात, त्यामुळं करडं एकेक करून धावत सुटतात. आई दारावर आडवी काठी धरते. काठीचं टोक गेरूत बुडवलेलं. दहावं करडू काठीखालून जाताना त्याच्या पाठीवर गेरूचा ठिपका पडतो, आणि ते देवाचं होतं. मग ते धट्टंकट्टं असो नाहीतर लंगडं. बदली चालत नाही. नऊच करडं झाली, तर त्या साली करडू जात नाही. दहा भरल्याशिवाय दहावं कुठलं? मग आई अंडी आणि हुलगे नेते.

आणि एरवी करडं मोजायची नाहीत, हा तिचा कडक कायदा. "मोजलं की माज चढतो," म्हणते. वर्षातनं एकदाच मोजायचं, ते त्याच्यासाठी.

त्या साली आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. मी तिला सांगलीला आणलं. आधी एक डोळा, मग सवडीनं दुसरा, असा आख्खा पावसाळा ती माझ्याकडं होती. शेळ्या शेजारच्या बौद्धवाड्यातल्या मावशींनी सांभाळल्या. आईपेक्षा त्या दहा-पंधरा वर्षांनी लहान, पण दोघींचं जिवाभावाचं. मावशी फोनवर सांगायच्या, "आवं काकू, लय करडं झाल्याती. तुमी मोजू नगा म्हंता, म्हणून म्या मोजली न्हाईत. तांबडीला बी एक पाट झालीया." पाट म्हणजे मादी करडू. हे ऐकल्यावर आई डोळ्यावर पट्टी असताना लहान मुलीसारखी हसली. तांबडी म्हातारी झाली होती, मागचा एक पाय ओढायची, पुढं ती गाभण राहण्याची आशा नव्हती. आता तिच्या मागं तिची लेक राहणार होती.

सणाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं विट्यावरून मायणीमार्गे गावी पोचलो. आईच्या डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा. संध्याकाळी मोजणी. मी लिंबाखाली शेळ्यांची दावी धरून उभी. तांबडी काही केल्या उठेना, म्हणून तिला खोपटातच राहू दिलं. आई काठी धरून दारात. मोजायला कोण? आमचे हे. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, त्याच्यापेक्षा भरवशाचा माणूस कुठं मिळणार!

"एक... दोन..." यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. करडं उसळत बाहेर आली, आयांना ढुशा देत लिंबाखाली एकच गोंधळ उडाला. "आठ... नऊ..." मग जरा वेळ काहीच नाही. आणि मग एक करडू टुणकन बाहेर आलं. "दहा!"

आईनं काठी टेकवली. ठिपका पडला. तिनं करडू उचललं, आणि सवयीनं तिचा हात त्याच्या कानावर गेला. कान आखूड.

"तांबडीची हाय गं ही," आई एवढंच म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला पाळकसाहेब आले होते. तरुण आहेत, मोटारसायकलवरून चार गावं सांभाळतात. आईचे डोळे कसे आहेत बघायला म्हणून आले आणि आमच्या कज्ज्यात सापडले. आईनं भाकरीला हात लावला नव्हता. मी तडतडत होते.

"दुसरं करडू द्या," मी म्हणाले. "देवाला काय आखूड कानाचंच पाहिजे, असं थोडंच आहे!"

"बदलायचं न्हाई," आई.

"मग तेवढ्या किमतीचे पैसे मी देतो," हे म्हणाले. खरं सांगते, त्यांच्या तोंडून हे आलेलं ऐकून मला ठसका लागला. "आणि आई, हा नियमच आपल्याला लागू नाही आता."

"पाव्हणं, तुमाला नसंल लागू," आई शांतपणे म्हणाली. "मला हाय. म्या धरलाय त्यो."

मी पाळकसाहेबांकडं बघितलं. ते बिचारे कात्रीत सापडले. दशांश आधी मंडळीच्या भांडारात यावा, असा उपदेश त्यांनी मागच्याच महिन्यात केला होता. "आजी," ते म्हणाले, "देव जबरदस्ती करत नाही. पण जनावराची बदली करू नये, असं लिहिलंय खरं. आता मी तरी काय सांगू?" असं म्हणून त्यांनी निमूट आमटीत भाकरी कुस्करली.

आई आतल्या खोलीत गेली. ती रडली नाही, पण मला रडू आलं. एक म्हातारं माणूस, एक म्हातारी शेळी, त्यांच्यापाशी राहिलेलं एवढंसं करडू. आणि तेही आता मान खाली घालून देऊन यायचं! मला देवाचाही राग आला. तो मी त्याला बोलूनही दाखवला. आमचं तेवढं मोकळं आहे.

सकाळी मी चुलीसाठी काटक्या आणायला खोपटामागं गेले. मागची भिंत कुडाची, आणि तिच्यात खाली कोपऱ्यात एक फट. मी वाकले तर माझ्या पायांमधून एक करडू सरसर आलं, त्या फटीत घुसलं आणि आत गेलं. त्याच्या पाठीवर गेरूचा ठिपका. मी फटीतून बघितलं. आत तांबडी बसलेली, आणि ही बया तिला ढुशा देत दूध पितेय. पिऊन झालं, आणि दारातून टुणकन अंगणात.

मी काटक्या टाकल्या. कालही तांबडी आतच होती! बाकीच्यांच्या आया बाहेर, हिची आत. ही बाकीच्यांमागं दारातून बाहेर आली, आई दिसेना म्हणून मागून आत शिरली, दूध प्यायली आणि पुन्हा दारातून बाहेर. यांनी तिला दोनदा मोजलं!

मी अंगणात जाऊन मोजलं. नऊ. पुन्हा मोजलं. नऊच. यांना दात घासताना ओढत आणलं. त्यांनीही मोजलं, आणि तोंडातला फेस गिळला.

"एकच नोट दोनदा मोजली तुम्ही," मी म्हणाले. "पतसंस्था बुडाली कशी नाही, याचंच नवल!"

"नोटा परत गठ्ठ्यात शिरत नाहीत," ते पुटपुटले.

मी धावत आईकडं गेले. माझा आनंद पोटात मावत नव्हता. सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणाले, "आये, नऊच आहेत. दहावं नाहीच. तुझाच कायदा आहे. तू यंदा काही देणं लागत नाहीस. ही पाट तुझी आहे, शंभर टक्के तुझी!"

आई हळूहळू अंगणात आली आणि प्रत्येक करडाचे कान चाचपत तिनं स्वतः मोजलं. मोजून झाल्यावर आखूड कानाचं करडू मांडीवर घेऊन ओट्यावर बसली.

"म्हंजे ही देवाची न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"माझी हाय."

"तुझीच."

आईनं पदर पाण्यात भिजवला आणि करडाच्या पाठीवरचा गेरू घासून-घासून पुसला. मला वाटलं, जिंकले. खुशीत मी चहात जरा जास्तच साखर घातली.

चर्चला निघताना आईनं अंड्यांची टोपली आणि हुलग्यांची पिशवी माझ्या हातात दिली, आणि स्वतः करडू काखेत घेतलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"घरी कोण हाय त्याच्यापाशी? येऊं दे संगं." मावशी शेळ्या घेऊन माळावर गेल्या होत्या, म्हणून मलाही ते पटलं; तांबडी खोपटातच आहे, हे ध्यानातही आलं नाही. मला त्या सकाळी काहीही पटलं असतं.

चर्च भरलं होतं. खांबांना ऊस आणि बाजरीची कणसं बांधलेली, मेजाजवळ भोपळ्यांचा ढीग. दशांशाची वेळ आली, पेटी थांबली. माणसं उठली. आईनं मला कोपरानं ढोसलं, "तू जा घिऊन." अंडी-हुलग्यांचा दशांश घेऊन मी मुक्या रांगेत गेले. आई जागेवरच बसून राहिली. साऱ्या मंडळीच्या माना वळल्या. इतक्या वर्षांत ही बाई पहिल्या रांगेत नाही, असं कुणी बघितलं नव्हतं. पुढच्या बाकावरची म्हातारी शेजारणीच्या कानाला लागली. पाळकसाहेबांनीही एकदा आईकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. ते रात्री ठिपका बघून गेले होते. सकाळचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. माझे कान तापले. 'बघताय काय, नऊच आहेत!' असं ओरडावंसं वाटलं.

मग ढोलकीवर थाप पडली. स्वखुशीचं दान. गाणं सुरू झालं. आणि माझी आई उठली.

तिनं पदर पुढं ओढला नाही, उलट खांद्यावर मागं टाकला. करडू दोन्ही हातांत छातीशी धरलं आणि मधल्या वाटेनं निघाली. मान वर. डोळ्यांवर काळा चष्मा, पायांत नव्या चपला, आणि गळ्यातून गाणं, खणखणीत. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. सुरात नव्हती, पण ढोलकीवाल्यानं तिच्यासाठी ताल बदलला. ती पुढं-पुढं जात होती आणि दोन्ही बाजूंची माणसं टाळ्या वाजवत उठून उभी राहत होती. कुणाला काय झालंय हे माहीत नव्हतं, पण काहीतरी झालंय हे सगळ्यांना दिसत होतं.

मेजापाशी पाळकसाहेब वाकून हळूच म्हणाले, "आजी, दशांश तर झाला..."

"दशांश न्हाई ह्यो!" आई म्हणाली, आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "जल्मभर त्याचंच त्याला दिलं, साहेब. ही मातर माझी हाय. लेकीनं मोजून सांगितलंया. ही मी देती!"

तिनं करडू खाली ठेवलं. करडानं एकदा भोपळ्यांकडं बघितलं आणि आल्या वाटेनं आमच्या बाकाकडं धूम ठोकली. सगळं चर्च हसलं. आमच्या ह्यांनी त्याला झडप घालून धरलं आणि आईच्या हातात देण्यासाठी पुढं आले. पण मग परत जागेवर आले नाहीत. तिच्या शेजारीच उभे राहून टाळ्या वाजवत गाऊ लागले. त्यांचा हात खिशात गेला तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. तो हिशोब त्यांचा आणि त्याचा.

मी कुठं होते? मी बाकावर उभी होते. हो, बाकावर. पन्नाशी उलटलेली बाई, रेशमी पातळ नेसून बाकावर उभी राहून टाळ्या पिटत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लहानपणापासून मला जे बघायचं होतं ते मी बघत होते, आणि ते मीच हरल्यामुळं मला बघायला मिळत होतं.

उपासनेनंतर आवारात दानात आलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. म्हसवडकडच्या एका मेंढपाळाच्या बायकोनं सगळ्यांवर बोली चढवून ते करडू घेतलं. आईनं तिला एवढंच सांगितलं, की ह्या वंशाचं हिरव्या मक्यानं पोट फुगतं, जपून घाल. मग ती वळली आणि मागं न बघता चालू लागली.

संध्याकाळी तांबडी सारखी ओरडत होती. आई तिच्यापाशी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला राहवलं नाही.

"आये, वाईट वाटतंय का गं?"

"वाटतंय की!" आई म्हणाली. तिनं काळा चष्मा काढून डोळे पुसले, पण तिची मान सकाळसारखीच ताठ होती. "वाईट वाटल्याबिगर माझं दिलंय असं वाटंल व्हय?"

मग तिनं मला कोयता आणायला लावला आणि जावयाला बाभळीच्या काट्या. आमच्याकडून कुडाची ती फट नीट बुजवून घेतली. "फुडच्या साली मोजताना घोळ नगं," ती म्हणाली. "त्याचं किती आन माझं किती, ते मला नीट कळलं पायजे."